पॅकेज तेच, बिऱ्हाड वेगळं

लॅबमधल्या मशीनवर उबुंटू, सर्व्हरवर रॉकी, एखाद्या उत्साही मुलीच्या लॅपटॉपवर आर्च आणि कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत अलग चालणाऱ्या छोट्या सिस्टीममध्ये, अल्पाइन. नागपूरचं इंजिनीअरिंग कॉलेज असो की मिहानमधलं ऑफिस, एकाच छपराखाली लिनक्सची चार रूपं, म्हणजे चार डिस्ट्रो, नांदणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मग तुलना सुरू होते. उबुंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियनच्या कोऱ्या कंटेनरमध्ये कर्ल (नेटवरून फाइल आणणारा प्रोग्राम) टाकलं तर मागून पॅकेजांची वरात येते. आर्चच्या कंटेनरमध्ये तेच केलं तर नवीन जवळजवळ काहीच येत नाही. यावरून 'आर्च हलकं, डेबियन जड' असा निकाल लावला जातो, आणि तो चुकीचा असतो. आर्चमध्ये पॅकेजं बसवणारा पॅकमन स्वतःच डाउनलोडसाठी लिबकर्ल ही कर्लची लायब्ररी वापरतो, त्यामुळे कर्लचं सगळं बिऱ्हाड तिथे आधीच मुक्कामाला असतं. डेबियनमध्ये तेच काम करणाऱ्या एपीटीला लिबकर्ल लागत नाही, म्हणून तिथे ते बिऱ्हाड आपल्या डोळ्यांदेखत उतरतं.

डिपेन्डन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं, ही प्रोग्रामच्या अंगची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो, तिथेच फसगत होते. सोर्स कोडला काय लागतं हे एक, आणि पॅकेज बांधणाऱ्यानं यादीत काय लिहिलं हे दुसरं. या दोहोंच्या मध्ये माणसांचे बरेच निर्णय असतात. ते निर्णय उलगडल्याशिवाय दोन डिस्ट्रोंच्या याद्या शेजारी ठेवून काही कळत नाही. (पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या रोमन लिपीत टाकायच्या. पॅकमनच्या पर्यायातलं पहिलं अक्षर, 'डीपीकेजी-क्वेरी'तला डब्ल्यू आणि 'डीपीकेजी -एस'मधला एस मोठे, बाकी पर्यायांची अक्षरं लहान.)

तर्री कुठल्या रकान्यात लिहायची?

पोह्यांची पाककृती पॅकेजसारखी लिहायची ठरवू. पोहे, तेल, फोडणीचं सामान नसेल तर पदार्थच होणार नाही. हे झालं 'डिपेंड्स'. वरून शेव आवडत असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. हे 'सजेस्ट्स'. आता हरभऱ्याची झणझणीत तर्री कुठे लिहायची? पुणेकर ती फार तर 'सजेस्ट्स'मध्ये टाकेल, खोबरं-कोथिंबिरीवर त्याचं भागतं. नागपूरकर ती सरळ 'डिपेंड्स'मध्ये लिहील, कारण तर्रीशिवाय ताटलीत आलेल्या पोह्यांना तो सकाळचा नाश्ता मानतच नाही. आणि मधला माणूस 'रेकमेंड्स' लिहील: सहसा द्याच, पण कुणी नको म्हटलं तर अडवू नका. पोहे तेच, यादी लिहिणाऱ्याचं गाव वेगळं.

कर्लची तर्री म्हणजे सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज. समोरची एचटीटीपीएस साइट खरी की बनावट हे पडताळायला लागणारी मूळ प्रमाणपत्रं त्यात असतात. आर्चमध्ये कर्लच्या डिपेन्डन्सीतच ते लिहिलेलं आहे. फेडोरात ते ओपनएसएसएल-लिब्ज या पॅकेजच्या गरजांमध्ये आहे, म्हणजे कर्लच्या यादीत दिसत नाही पण दोन पायऱ्या खाली नक्की भेटतं. डेबियन १२ मध्ये मात्र लिबकर्ल४ त्याची फक्त शिफारस करतं. त्यामुळे कंटेनरची इमेज, म्हणजे त्याचा साचा, लहान ठेवायची म्हणून कुणी ती बनवणाऱ्या डॉकरफाइलमध्ये '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लिहिलं की कर्ल येतं, चालतं, आणि पहिल्याच एचटीटीपीएस पत्त्यावर प्रमाणपत्राची तक्रार करून थांबतं. त्यावर बरेचजण '-के' हा पर्याय लावून पडताळणीच बंद करतात. ते करू नये. आज्ञेत सीए-सर्टिफिकेट्सचं नाव वेगळं लिहिलं की काम होतं.

शिफारशींचं काय करायचं याची प्रत्येक घराची रीत वेगळी आहे. डेबियन ५ पासून, म्हणजे २००९ पासून, एपीटी 'रेकमेंड्स' आपोआप बसवतं, 'सजेस्ट्स' बसवत नाही. फेडोरा आणि रॉकीची पॅकेज-पद्धत म्हणजे आरपीएम. मूळ आरपीएममध्ये अशा सौम्य डिपेन्डन्सी २०१४ च्या ४.१२ आवृत्तीत आल्या. त्याआधी 'रिक्वायर्स' तरी लिहा नाहीतर सोडून द्या, एवढेच दोन मार्ग होते. आरपीएम पॅकेजं बसवणारं आजचं डीएनएफसुद्धा शिफारशी आपोआप बसवतं. आर्चमधल्या 'ऑप्टडिपेंड्स' म्हणजे निव्वळ सूचना: पॅकमन त्या पडद्यावर छापतो आणि पुढे जातो. अल्पाइनमध्ये शिफारस हा प्रकारच नाही. त्याऐवजी 'इन्स्टॉल-इफ' आहे: अमुक दोन पॅकेजं असतील तर तिसरं आपोआप आण.

म्हणून तुलनेचा पहिला नियम असा की सगळीकडे सौम्य डिपेन्डन्सी बंद करून मोजा. एपीटीला '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स', डीएनएफला '--सेटऑप्ट=इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स', ओपनसुसेच्या झिपरला '--नो-रेकमेंड्स'. आर्च आणि अल्पाइनला काही सांगावं लागत नाही. शिफारशींची यादी वेगळी काढून ठेवा, कारण नंतर काम अडलं तर कारण बहुधा तिथेच सापडतं.

एका कोयत्यानं किती फोडी

संत्रं एकच असतं, फोडी किती करायच्या ते कापणारा ठरवतो. डेबियन बारीक फोडी करतं. एनक्रिप्शनचं काम करणाऱ्या ओपनएसएसएलचंच बघा: चालवण्याचा प्रोग्राम एका पॅकेजात, लायब्ररी दुसऱ्यात, कोड लिहिणाऱ्याला लागणाऱ्या हेडर फाइल तिसऱ्यात (लिबएसएसएल-डेव्ह). फेडोरातही तीन, फक्त नावं वेगळी: ओपनएसएसएल, ओपनएसएसएल-लिब्ज, ओपनएसएसएल-डेव्हेल. आर्चमध्ये सगळं मिळून 'ओपनएसएसएल' हे एकच पॅकेज, हेडरसकट. त्यामुळे पॅकेजांची संख्या मोजून वजन ठरवणं म्हणजे फोडी मोजून संत्र्याचं वजन सांगणं. आर्चची दहा पॅकेजं डेबियनच्या पंचवीस पॅकेजांपेक्षा डिस्कवर जास्त जागा खाऊ शकतात.

पायथनमध्ये हा फरक विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी टोचतो. डेबियन आणि उबुंटूवर पायथन३ बसलेलं असतं, पण 'पायथन३ -एम वेनव्ह' दिलं की 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, कारण तो भाग पायथन३-वेनव्ह नावाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवलेला आहे. फेडोरात तो पायथनबरोबरच येतो. खिडक्या काढणारं टीके मॉड्यूल डेबियनमध्ये पायथन३-टीके, फेडोरात पायथन३-टीकिंटर, आणि आर्चमध्ये पायथनची ऑप्टडिपेन्डन्सी असलेलं साधं 'टीके'. उबुंटू बघून लिहिलेली प्रॅक्टिकलची वही फेडोरावर अडते ती अशा ठिकाणी.

जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणाऱ्या नोडच्या एनपीएममध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. डेबियन त्यातली जावास्क्रिप्टची प्रत्येक लहान लायब्ररी सुटं पॅकेज म्हणून बांधतं, म्हणून 'एपीटी इन्स्टॉल एनपीएम' दिल्यावर शेकडो पॅकेजांची यादी सरसर खाली धावते. फेडोरा एनपीएमच्या पोटातल्या लायब्ररी पोटातच ठेवतं. कोड दोन्हीकडे जवळपास तेवढाच, पण डेबियनच्या पद्धतीत त्यातल्या एका लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली तर तेवढं एकच पॅकेज बदलून भागतं. हा फायदा खरा आहे, आणि यादीची लांबी ही त्याची किंमत आहे.

नाव विचारायचं की काम?

डेबियनची डिपेन्डन्सी पॅकेजचं नाव विचारते: लिबसी६ हवं, अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची. आरपीएम मुख्यतः काम विचारतो: 'लिबएसएसएल.एसओ.३' ही चौसष्ट-बिट लायब्ररी जो कोणी देत असेल तो चालेल. पॅकेज बांधताना आरपीएम प्रत्येक बायनरी (कंपाइल झालेली फाइल) उघडून तिला लागणाऱ्या लायब्ररींची नावं स्वतःच गरजांत लिहितो. अल्पाइनही असंच करतं, लायब्ररीच्या नावाआधी 'एसओ:' लावून. डेबियनमध्येही बांधताना बायनरी तपासली जाते, पण डीपीकेजी-शलिबडेप्स हे साधन त्या लायब्ररीचं पॅकेजच्या नावात भाषांतर करून मग यादीत लिहितं. म्हणून दोन याद्या तशाच शेजारी ठेवल्या तर एकीत माणसांची नावं आणि दुसरीत हुद्दे, अशी गत होते.

नावांवर बेतलेल्या पद्धतीत नाव बदललं की धांदल उडते. बत्तीस-बिट वेळेची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते. ती अडचण सोडवण्यासाठी डेबियन १३ आणि उबुंटू २४.०४ मध्ये असंख्य लायब्ररी पॅकेजांच्या नावाला 'टी६४' हे शेपूट लागलं: लिबएसएसएल३ झालं लिबएसएसएल३टी६४. खरा बदल बत्तीस-बिट मशीनपुरता होता, पण नाव चौसष्ट-बिट मशीनवरही बदललं. तिथे नवं पॅकेज 'मी जुन्या नावालाही उत्तर देतो' असं 'प्रोव्हाइड्स'मध्ये सांगतं, म्हणून जुनं सॉफ्टवेअर अडत नाही. पण निव्वळ नावं जुळवणारी तुमची स्क्रिप्ट मात्र 'पॅकेज गायब' असं सांगते.

एक गोष्ट यादीत दिसतच नाही. डेबियनमध्ये बॅश, कोअरयुटिल्स अशी काही पॅकेजं 'इसेन्शियल' मानलेली आहेत. ती असणारच असं धरून बाकीची पॅकेजं त्यांचा उल्लेख करत नाहीत. आर्चमध्ये हेच स्थान 'बेस' या पॅकेजाला आहे. आरपीएम मात्र शेल स्क्रिप्ट दिसली की '/बिन/एसएच' हवं असं इमानदारीनं लिहून टाकतो. त्यामुळे फेडोराची यादी लांब दिसते, एवढंच.

त्याच सोर्सला वेगळं ठिगळ

इथवरचे फरक मांडणीचे होते. काही फरक मात्र खोल असतात, कारण डिस्ट्रो सोर्स बांधताना पर्याय बदलते किंवा स्वतःचा पॅच, म्हणजे सोर्समध्ये छोटा बदल, लावते. डेबियन १२ चं लिबकर्ल एलडॅप आणि आरटीएमपी या दोन प्रोटोकॉलांची सोय चालू ठेवून बांधलेलं आहे, म्हणून त्या दोन्हींच्या लायब्ररी त्याच्या यादीत आहेत. आर्चनं एलडॅप बंद ठेवलं, म्हणून तिथे ती लायब्ररी नाही. शिवाय डेबियनमध्ये लिबकर्लचं एक दुसरं रूप ओपनएसएसएलऐवजी जीएनयूटीएलएस या लायब्ररीवर बांधलेलं असतं आणि डेबियनचं गिट तेच वापरतं. ओपनएसएसएलचा जुना परवाना जीपीएल या परवान्याशी जुळत नसे, त्या काळापासूनची ही व्यवस्था आहे. २०२१ च्या ३.० आवृत्तीत परवाना बदलला, व्यवस्था राहिली.

या फरकाचं मोल किती असू शकतं हे मार्च २०२४ मध्ये जगानं पाहिलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं तो उघड केला. चोरदरवाजाचं लक्ष्य होतं दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर. आता तो सर्व्हर ज्याचा भाग आहे त्या ओपनएसएसएचच्या मूळ सोर्सला एक्सझेडच्या लायब्ररीशी काहीही देणंघेणं नव्हतं. मग ती तिथे पोचली कशी? डेबियन आणि फेडोरा यांनी एसएसएच सर्व्हरला एक पॅच लावला होता: सुरू झालो की सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेला, कळवायचं. त्यासाठी सर्व्हर लिबसिस्टमडीला जोडला गेला, लिबसिस्टमडी पुढे एक्सझेडच्या लिबएलझेडएमएला जोडलेली होती. दोन पायऱ्यांवरून पाहुणा थेट घराच्या कुलपापाशी आला. आर्चनंही त्या बाधित आवृत्त्या वाटल्या होत्या, पण त्यांच्या एसएसएच सर्व्हरला हा पॅच नव्हता, म्हणून ती वाट तिथे नव्हती. अल्पाइनमध्ये सिस्टमडीच नाही. डेबियनच्या स्थिर १२ आवृत्तीत जुनं एक्सझेड होतं, म्हणून ती वाचली. तडाखा टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांना बसला.

एसएसएच सर्व्हरची डिपेन्डन्सी चार डिस्ट्रोंत आधीच कुणी शेजारी ठेवून पाहिली असती, तर 'लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामला कॉम्प्रेशनची लायब्ररी कशाला?' हा प्रश्न तिथल्या तिथे विचारता आला असता. अशी तुलना करायची ती याच प्रश्नासाठी. पुढे जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये सिस्टमडीला कळवण्याचं काम लिबसिस्टमडीशिवाय करण्याची सोय आली.

प्रत्यक्ष तुलना

वेगवेगळी मशीन लागत नाहीत, एका मशीनवर कंटेनर चालवणारं पॉडमन किंवा डॉकर पुरेसं आहे. डेबियन, फेडोरा, आर्च आणि अल्पाइनच्या अधिकृत इमेज घ्या. प्रत्येकीत आधी जे आहे त्याची यादी काढा: डेबियनवर 'डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू', फेडोरावर 'आरपीएम -क्यूए', आर्चवर 'पॅकमन -क्यूक्यू', अल्पाइनवर 'एपीके इन्फो'. पॅकेज बसवा, यादी पुन्हा काढा, दोन्ही सॉर्ट करून 'कॉम -१३' नं फरक बघा. पण सुरुवातीला सांगितलेला सापळा लक्षात असू द्या: आर्च आणि फेडोरात लिबकर्ल आधीच असतं, म्हणून नुसती वजाबाकी फसवते. पूर्ण साखळी वेगळी काढावीच लागते.

आर्चवर पॅकमन-कॉन्ट्रिब बसवून 'पॅकट्री -एसयू कर्ल' दिलं की सगळी साखळी एकेकदा नाव घेत छापली जाते. रॉकी ९ वर 'डीएनएफ रेपोक्वेरी --रिक्वायर्स --रिझॉल्व्ह --रिकर्सिव्ह कर्ल'. फेडोरा ४१ पासून डीएनएफ५ आलं आहे, तिथे '--रिझॉल्व्ह' चालत नाही, '--प्रोव्हायडर्स-ऑफ=रिक्वायर्स --रिकर्सिव्ह' असं लिहावं लागतं. डेबियनवर 'एपीटी-कॅश डिपेंड्स --रिकर्स' आहे, पण त्याची यादी फुगलेली असते. 'हे किंवा ते' अशी डिपेन्डन्सी असेल तर ते दोन्ही मोजतं, आणि एकाच कामाला पाच पॅकेजं उत्तर देत असतील तर पाचही. कोऱ्या कंटेनरमध्ये 'एपीटी-गेट इन्स्टॉल -एस' हा नकली सराव जास्त खरा आकडा देतो. जागा मोजताना एककं बघा: डेबियनचं 'इन्स्टॉल्ड-साइझ' किबीबाइटमध्ये आणि अंदाजी असतं, आरपीएमचं बाइटमध्ये.

मग यादी बाजूला ठेवून बायनरीला विचारा. 'रीडएल्फ -डी /यूएसआर/बिन/कर्ल' दिलं की 'नीडेड' लिहिलेल्या ओळींत तिला थेट लागणाऱ्या लायब्ररी दिसतात. ही नावं चारही डिस्ट्रोंत पडताळून बघता येतात, म्हणून तुलना इथेच घट्ट होते. 'एलडीडी'सुद्धा चालतं आणि पूर्ण साखळी दाखवतं, पण अनोळखी बायनरीवर ते चालवू नका, कारण काही वेळा ते त्या बायनरीचा कोड प्रत्यक्ष चालवतं. एखादी लायब्ररी कुठल्या पॅकेजातून आली हे 'डीपीकेजी -एस', 'आरपीएम -क्यूएफ', 'पॅकमन -क्यूओ' सांगतात. डेबियन १२ वर एलडीडीनं दिलेला '/लिब' पासूनचा मार्ग डीपीकेजीला सापडला नाही तर त्याच्यापुढे '/यूएसआर' लावून बघा.

रीडएल्फलाही न दिसणारं काही उरतंच. चालता चालता 'डीएलओपन'नं उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी आणि प्लगइन 'नीडेड'मध्ये येत नाहीत. सिस्टमडीनंच २५६ व्या आवृत्तीपासून लिबएलझेडएमए अशी गरजेपुरती उघडायला घेतली. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे संबंध नाही, असं धरू नका.

काय बिघडतं

घरच्या उबुंटू २४.०४ वर कंपाइल केलेला प्रोजेक्ट लॅबच्या रॉकी ९ वर नेला की 'जीलिबसी अमुक आवृत्ती सापडली नाही' असं येतं. जीलिबसी म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी. २४.०४ मध्ये ती २.३९ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही. म्हणून जिथे जिथे चालवायचं त्यातल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बांधा. नवी जीलिबसी जुन्या सिस्टीमवर हातानं टाकायला जाऊ नका, मग 'एलएस'सुद्धा चालेनासं होतं.

अल्पाइनवर फाइल समोर दिसते, परवानगी बरोबर असते, तरी शेल म्हणतो 'सापडली नाही'. सापडत नाही ती फाइल नव्हे, तिला चालवणारा जीलिबसीचा लोडर. अल्पाइनची सी लायब्ररी मसल आहे. जीकॉम्पॅट हे पॅकेज कधीकधी तारून नेतं, पण अल्पाइनसाठी वेगळं बांधणं हाच पक्का उपाय.

आर्चवर 'पॅकमन -एसवाय' देऊन एकच पॅकेज बसवलं की ते नवी लायब्ररी मागतं, बाकीची सिस्टीम जुन्यावरच असते, आणि आयसीयूसारखी लायब्ररी बदलली असेल तर भलतेच प्रोग्राम बंद पडतात. तिथे अर्धवट अपग्रेडला मान्यता नाही: नेहमी 'पॅकमन -एसवाययू'. डेबियनमध्ये उबुंटूची रेपो, म्हणजे पॅकेजांचं भांडार, मिसळणं हा याचाच भाऊ. दोन्हीकडे नावं सारखी आणि आवृत्त्या वेगळ्या, म्हणून एपीटी गोंधळत गोंधळत सिस्टीम मोडते.

जुनं डेब पॅकेज उबुंटू २२.०४ वर लिबएसएसएल१.१ मागतं, तेव्हा नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक देण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. ती लिंक चालत नाही, कारण आतली फंक्शनं आणि त्यांच्या आवृत्त्यांचे शिक्के वेगळे आहेत. '--फोर्स-डिपेंड्स' नं बसवलं तर एपीटी पुढच्या प्रत्येक आज्ञेला हटून बसतं. जुन्या उबुंटूच्या कंटेनरमध्ये ते सॉफ्टवेअर चालवा.

इंटरनेट नसलेल्या लॅबसाठी पेनड्राइव्हवर पॅकेजं न्यायची असतील तर 'एपीटी-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली' वापरतात. ते ज्या मशीनवर चाललं तिथे जे नाही तेवढंच उतरवतं. तुमच्या भरल्या लॅपटॉपवर दिलं तर निम्म्या डिपेन्डन्सी उतरणारच नाहीत आणि लॅबमध्ये जाऊन हात हलवत परत यावं लागेल. लॅबच्या मशीनवर असलेल्या उबुंटूच्याच आवृत्तीचा कोरा कंटेनर घ्या, त्यात उतरवा. चार जास्त फाइल येतील, बिघडत नाही. मात्र कंटेनरच्या इमेजमधली रचना डाउनलोड झालेल्या फाइल पुसून टाकू शकते. म्हणून आज्ञा संपल्यावर '/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज' रिकामं दिसलं तर '/इटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी' मधली डॉकर-क्लीन ही फाइल काढून पुन्हा चालवा. निघण्याआधी दोन्हीकडे 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' एकच उत्तर देतं ना ते बघा. लॅबमध्ये सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून 'एपीटी इन्स्टॉल ./*.डेब' द्या. सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ विसरलात तर एपीटी ती नावं फोल्डरऐवजी रेपोत शोधत बसेल.